खोटा हजेरीपट

दुष्काळ पडला की सातपुड्याच्या पायथ्याला दोन पिकं हमखास येत: पुढारी आणि संशोधक. मी दुसऱ्या पिकातली. ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या कॉलेजात शिकवत मी पीएच.डी. करत होते. आपत्तीत गोरगरिबांची मुलं शाळेत कशी टिकतात, हा विषय. मार्गदर्शक पुण्याचे. दुष्काळ त्यांनी चाळीसगावपर्यंत, रेल्वेच्या खिडकीतून पाहिला होता.

मी निवडलेल्या गावात एका खोलीची शाळा आणि एकच मास्तर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. निम्म्या घरांना कड्या. माणसं पोराबाळांसकट खाली केळीच्या बागांत मजुरीला गेलेली. शाळेत मुलं बोटांवर मोजण्याइतकी, हजेरीपटावर मात्र अख्खं गाव रोज हजर.

“नाना, हे काय?”

“होळीला सगळी परततात, ताई. होळीला इथलं कुणी बाहेर राहत नाही. मग परीक्षेपर्यंत सकाळ-संध्याकाळ शिकवून घेतो. नाव कमी केलं तर पुन्हा शाळेचं तोंड बघत नाहीत. एक पोरगी यंदा चौथीला आहे. इथली एकही मुलगी चौथी झालेली नाही.”

मी तरुण होते आणि खरेपणाचा मला माज होता. नानांच्या डोळ्यांत डोळे घालून मान डोलावली आणि घरी येऊन सहामाही अहवालात लिहिलं, “हजेरी बनावट.” गावाचं नाव परिशिष्टात, सुवाच्य अक्षरात. अहवालाची एक प्रत शिक्षण खात्याला द्यायची पद्धत होती. आमचे अहवाल तिथे कुणी उघडतसुद्धा नसे. नेमका हा वाचला गेला.

साहेबांची जीप आठवड्याच्या आत गावात पोचली. पाण्याच्या टँकरला ही घाई कधी सुचली नव्हती. नानांची बदली झाली. गैरहजर मुलांची नावं लाल शाईने कापली गेली आणि शाळा एकदाची प्रामाणिक झाली.

होळीनंतर मी उरलेल्या प्रश्नावल्या भरायला गेले. शाळेच्या दारात एक बाई मुलीला घेऊन उभी होती. मुलीच्या झग्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. हीच ती चौथीतली. नव्या मास्तरांनी पट उघडून दाखवला; तो अगदी खरा होता. “नाव नाही. वर्ष गेलं,” ते म्हणाले आणि मला नमस्कार करून खुर्ची पुढे केली.

मुलीची आई माझ्याकडे वळली.

“ताई, नानांनी सांगेल व्हतं, होळीले या, नाव ऱ्हाई. कोनी तरी चुगली करी. तुमनी सायेबलोकेसशी वळख शे. त्यासले सांगा ना.”

मुलगी दप्तर छातीशी धरून मास्तरांकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे प्रबंधाच्या परीक्षकांनी माझ्या निर्भीड सत्यनिष्ठेचं खास कौतुक केलं. त्या दुपारी मात्र, चुगली कुणी केली हे त्या बाईला सांगायला माझी जीभ उचलली नाही. “बघते हं,” म्हणाले आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. ती मुलगी चौथीच्या परीक्षेला बसली नाही.