बेचाळीस नंबरची एक्झिट आणि ताईची कवळी

या गृहस्थाला ओळखीचे सगळे बायपास म्हणतात. नाव टायरवाल्याने ठेवलं, पण शोभणारं ठेवलं. घरात कोणताही विषय निघाला, मग तो गळका नळ असो की मेहुण्याशी झालेला अबोला, हा माणूस त्याला गावाबाहेरून वळसा घालतो आणि थेट पलीकडे निघतो. बायको म्हणते, "अहो, नळ." हा म्हणतो, "नदीवरचा नवा पूल पाहिलास का?" नळ अजून गळतो आहे. पूल मात्र सगळ्या घराने चार वेळा पाहिला आहे.

पोटापाण्यासाठी बायपास कवळ्या बनवतो. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, बायपास त्यावरून दात उभे करतो. एका अरुंद गल्लीत तळमजल्यावर त्याची खोली आहे. एक खिडकी, एक ओटा, ओट्यावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग, आणि दिव्यापासून चहाच्या कपापर्यंत सगळ्यावर बसलेली गुलाबी भुकटी. कामात तो पक्का आहे. त्याने बनवलेले दात लावून लोक भाषणं करतात, भांडतात, खोटं बोलतात. कवळी जागची हलत नाही. मात्र या खोलीत आलेल्या माणसाला तो दातांबद्दल चकार शब्द सांगत नाही. भिंतीवर चार पाकळ्यांच्या आकाराच्या एका चौकाचा विमानातून घेतलेला फोटो आहे, त्याच्यासमोर उभं करतो आणि विचारतो, "काय वळण आहे, नाही?" दंतवैद्यांची पोरं कवळी न्यायला येतात आणि वळण पाहून जातात.

दर रविवारी सकाळी टायरच्या दुकानाच्या माडीवर महामार्गप्रेमी मंडळाची बैठक भरते. सभासद टायरवर बसतात. अध्यक्ष, म्हणजे दुकानाचा मालक, ट्रकच्या टायरवर बसतो, कारण पद मोठं आहे. ही मंडळी महामार्गाने कुठे जात नाहीत. महामार्गावर जातात, आणि परत येतात. वाटेत एखादं गाव लागलं तर त्याकडे अडथळा म्हणून पाहतात.

बैठकीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे शंकासमाधान. सभासदांनी शंका विचारायची आणि बायपासने हातोहात उत्तर द्यायचं. या उत्तरांसाठी माणसं लांबून येतात.

"'पुढे काम चालू आहे' अशी पाटी वर्षभर आहे. काम कुठेच दिसत नाही. असं का?"

"पाटी लावणं हेच काम होतं. ते झालं."

"दुभाजकात झाडं कशासाठी लावतात?"

"समोरून येणाऱ्याला कळू नये, की आपण ज्या गावाला पोचायला धडपडतोय तिथूनच तो पळ काढतोय."

"वेगमर्यादेचा आकडा नक्की कोणासाठी असतो?"

"आपल्या पुढच्या गाडीसाठी."

हशा होतो, टायरवर थापा पडतात. घरी ज्याला नळाबद्दल एक वाक्य सुचत नाही, तो इथे तासभर अडखळत नाही.

पण हसवणारं उत्तर वेगळं आणि खरं उत्तर वेगळं, असा मंडळाचा दंडक आहे. खऱ्या उत्तराला 'चाकाखालचं उत्तर' म्हणतात. कोणीतरी जागेवर गाडी घालून आल्याशिवाय ते मान्य होत नाही. नकाशा चालत नाही, फोटो चालत नाही. या दंडकाचा राखणदार आहे ओव्हरसियर. त्याने नोकरीभर गटारांच्या कामांवर देखरेख केली. महामार्ग वाट्याला आला तो निवृत्तीनंतर, म्हणून प्रेम जरा जास्तच. मंडळाची घटना त्यानेच लिहिली. तिचं पहिलं कलम असं, की महामार्गावर गाडी मागे घ्यायची नाही. हे कलम वाहतुकीच्या कायद्यातही आहे, पण ओव्हरसियरला ते स्वतःचं वाटतं.

गेले काही महिने मंडळात एकच शंका पडून होती. महामार्गावर एकेचाळीस नंबरची एक्झिट आहे, मग त्रेचाळीस. बेचाळीस कुठे गेली? बायपासने हसवणारं उत्तर कधीच देऊन टाकलं होतं: "बाहेर पडली." चाकाखालचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

आता बायपासची ताई. ही त्याची मोठी बहीण, आणि तिचं गाव बरोबर एकेचाळीस नंबरच्या एक्झिटला आहे. शाळेत तिने आयुष्यभर भाषा शिकवली, पुढे मुख्याध्यापिका झाली. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आजही फोनवर 'हॅलो' पूर्ण म्हणतात. शाळेने नवं सभागृह बांधलं आणि उद्घाटनाचं भाषण ताईने करावं असं ठरलं. शनिवारी, दुपारी चारला. ताईने भाषण लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, आणि दोन दिवस आधी तिची वरची कवळी बेसिनमध्ये पडून मधोमध तडकली. दुसरी कवळी नव्हती. दुसरी कवळी बायपास बनवणारच होता. हे तो तीन वर्षं सांगत होता.

तडकलेली कवळी शेजाऱ्याबरोबर बायपासकडे आली. मागोमाग फोन आला. ताईचे अर्धे शब्द वाऱ्यासारखे निघून जात होते, पण अर्थ स्पष्ट होता. "अरे, दातांशिवाय मी त्या व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. मी नाही बोलले, तर भाषण खेळाच्या बाई वाचणार. कळलं का?"

बायपासला कळलं. खेळाच्या बाईंशी ताईची जन्माची चुरस. त्या बाईंनी सगळी नोकरी शिट्टीवर काढली आणि निरोपाच्या दिवशी टाळ्या मात्र ताईपेक्षा जास्त घेतल्या.

कवळी त्याने एका रात्रीत जोडली. सांधा कुठे आहे हे त्यालाही नंतर सापडलं नाही. शनिवारी जेवण लवकर उरकून तो निघाला. डबीत पाणी, पाण्यात कवळी. दारात बायको म्हणाली, "अहो, आधी दात. मग रस्ता."

"म्हणजे काय! आधी दातच."

"वन्संना तोंडघशी पाडू नका."

"तू ना, उगाच काळजी करतेस," बायपास म्हणाला आणि कोपऱ्यावर गाडी थांबवून टायरवाल्याला आणि ओव्हरसियरला आत घेतलं. रिकामी गाडी कशाला न्यायची, एवढाच त्यामागे विचार होता, असं तो पुढे सांगत असे.

डबी ओव्हरसियरच्या मांडीवर दिली. सांडत तर नाही ना, म्हणून त्याने झाकण काढून पाण्याकडे पाहायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात त्याला शोध लागला.

"अरे, थांबा थांबा. हे पाणी बघा. वळणावर कसं जरासुद्धा कलत नाही. रस्त्याला आतल्या बाजूला उतार दिलाय, अगदी मापात."

"कवळी नीट आहे ना?" बायपासने विचारलं.

"कवळी तळाशी आहे. ती मधे येत नाही. आता जरा वेग वाढव, पुढच्या वळणावर बघू."

अशा रीतीने ताईचे दात मोजमापाच्या कामाला लागले. प्रत्येक वळणावर ओव्हरसियर निकाल देत होता. "उत्तम." "बरं." "या वळणाचं कंत्राट कोणाच्या तरी मेहुण्याला दिलेलं दिसतं."

एकेचाळीसची पाटी आली. मोठी, हिरवी, दोनदा सांगणारी.

"आली तुझी एक्झिट," टायरवाला म्हणाला.

"दिसतेय."

"वेळ आहे का रे?"

"वेळ ढीग आहे."

मग टायरवाला खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "नाही, म्हटलं, त्रेचाळीसला वळून परत आलो तरी एकेचाळीसच लागते. फक्त पलीकडच्या बाजूने."

"आणि मधली बेचाळीस चाकाखाली येते," ओव्हरसियर म्हणाला.

ताईची एक्झिट डाव्या हाताला हळूच वेगळी झाली, थोडा वेळ सोबत धावली आणि झाडीमागे गेली. तेवढ्यात फोन वाजला. महामार्गावर असताना फोन घ्यायचा नाही, हे बायपासचं एकमेव तत्त्व. ते त्याने पाळलं.

जातानाच्या बाजूला बेचाळीसचा मागमूस नव्हता. त्रेचाळीसला ते वळले, आणि परतीच्या बाजूला, एका टेकाडाआड, नुकतीच लावलेली ती पाटी उभी होती. बेचाळीस. तिघंही ओरडले. असा ओरडा त्यांनी आपापल्या मुलांच्या जन्मालाही केला नव्हता. बायपासने गाडी आत घातली. रस्ता सुंदर वळण घेत खाली उतरला. पाणी किंचितही हललं नाही. ओव्हरसियरचे डोळे भरून आले. वळण संपलं तिथे एक आडवा लोखंडी दांडा होता, दांड्याला कुलूप होतं, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक रखवालदार बसला होता.

"उघडा की," टायरवाला म्हणाला.

"उद्घाटन व्हायचंय."

"कधी आहे?"

"पाहुणे ठरले की."

"पण मग वर पाटी का लावलीय?"

"पाटीचं उद्घाटन नसतं ना," रखवालदार म्हणाला. शंकासमाधानात हा माणूस नक्की चालला असता.

"इथे कोण येतं का कधी?"

"तुम्ही आलात की."

वळवायला जागा नव्हती; परत जायचं तर गाडी मागे घ्यायला हवी होती. बायपासने गिअरला हात घातला, तसा ओव्हरसियर ताठ झाला. "पहिलं कलम!"

"अहो, ताईचं भाषण आहे."

"भाषण आज आहे. घटना कायमची आहे."

यावर चर्चा झाली. चर्चा दोन्ही बाजूंनी अभ्यासपूर्ण होती. टायरवाल्याने अध्यक्ष म्हणून कलम तहकूब करून पाहिलं, तर त्यासाठी सर्वसाधारण सभा लागते असं निघालं. चार वाजून गेले. फोन पुन्हा वाजला. गाडी उभी होती, तरी बायपासने तो घेतला नाही. शेवटी ओव्हरसियरनेच तोडगा काढला. "उद्घाटन झालेलं नाही, म्हणजे कायद्याने हा रस्ताच नाही. जो रस्ताच नाही, त्याला कलम लागू नाही. घे मागे." रखवालदार लाल झेंडा घेऊन वरपर्यंत चालत आला आणि त्याने महामार्गावरच्या गाड्या अडवल्या. नोकरीत पहिल्यांदा काम मिळाल्याने तो खूश दिसत होता.

शाळेत पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक अडकवत होते. ताई शिक्षकांच्या खोलीत, तोंडाशी रुमाल धरून बसली होती. बाहेरच्या व्हरांड्यात लोक खेळाच्या बाईंना घेरून उभे होते. "काय भाषण केलंत हो बाई! तुम्ही इतकं छान लिहिता हे माहीतच नव्हतं." बाई नको नको म्हणत होत्या, पण भाषण कोणाचं ते सांगत नव्हत्या.

ओव्हरसियरने डबी पुढे केली. "ताई, एक थेंब सांडलेला नाही."

ताईने पाठ फिरवली, कवळी लावली, दोनदा चावून पाहिली आणि वळली. "छान बसली आहे," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. बायपासला हायसं वाटलं. मग ती म्हणाली, "आता बोलायला कोणी उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. माडी भरली होती. बायपासने बेचाळीसची हकिकत सांगितली: टेकाड, पाटी, वळण, दांडा, रखवालदार. रंगवून सांगितली. डबीतल्या पाण्याचाही उल्लेख केला, पाण्यात काय होतं ते सोडून. टायरवाल्याने उत्तर मान्य झाल्याचं जाहीर केलं. थापांनी माडी दणाणली. त्या थांबल्यावर जिन्याकडून आवाज आला, "माझी एक शंका आहे."

ताई उभी होती. मागे बायपासची बायको, हातात पर्स, चेहऱ्यावर काही नाही.

"सभासद आहात का?" ओव्हरसियरने विचारलं. सवयीने विचारलं गेलं. मग त्याने ओळखलं आणि टायरमध्ये जरा खोल बसला.

"शंका विचारायला सभासद असावं लागतं का?"

"नाही. उत्तर द्यायला लागतं."

"मग ठीक आहे." ताईने वर्गात बघावं तसं सगळीकडे पाहिलं. "एकेचाळीस नंबरची एक्झिट उघडी होती. पाटी मोठी होती. बहिणीचे दात गाडीत होते, आणि बहीण व्यासपीठाच्या पायरीशी तोंड झाकून उभी होती. तर गाडी सरळ का गेली?"

मागून कोणीतरी हसलं, कारण या खोलीत शंकेनंतर हसायची पद्धत आहे. मग तेही थांबलं. सगळे बायपासकडे पाहू लागले. त्याने तोंड उघडलं. पूल नव्हता, पाटी नव्हती, वळसा घालायला काही नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

"शंका पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवू," टायरवाला घाईने म्हणाला.

"ठेवा," ताई म्हणाली. "पण तुमच्यात खरं उत्तर जागेवर जाऊनच द्यावं लागतं, असं ऐकलंय."

पुढच्या रविवारी बायपास बैठकीला गेला नाही, ही मंडळाच्या इतिहासातली पहिलीच वेळ. आठवडाभर त्याच्याकडेच राहिलेल्या ताईला घेऊन तो घरून निघाला. गाडीत दोघंच. एकेचाळीसची पहिली पाटी दिसताच त्याने डाव्या बाजूचा दिवा लावला आणि मागचा ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवू लागला तरी तो तसाच चालू ठेवला. एक्झिट घेतली. वळण चांगलं होतं. तो त्याबद्दल काही बोलला नाही.

शिपायाने सभागृह उघडून दिलं. आत नव्या रंगाचा वास होता आणि खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ताईने एक खुर्ची काढली, व्यासपीठासमोर मधोमध मांडली आणि बायपासला बसायला सांगितलं. मग वर जाऊन तिने भाषण केलं. 'उपस्थित मान्यवर' पासून सुरुवात केली, मधे पाण्यासाठी थांबली, जिथे लोक हसायला हवे होते तिथे हसायला वेळ दिला. बायपास तिथे हसला. कवळी जागची हलली नाही.

भाषण संपल्यावर ती तशीच उभी राहिली. बायपासच्या लक्षात आलं आणि त्याने टाळ्या वाजवल्या. रिकाम्या सभागृहात त्या जरा जास्तच मोठ्या वाजल्या.

ताईने त्या पूर्ण ऐकून घेतल्या.

"खेळाच्या बाईंना जास्त पडल्या होत्या," ती म्हणाली.

बायपास पुन्हा वाजवू लागला.