वहीतली नीलम्मा

गुरुवार, २ जानेवारी २०२५. थंडी. नळाला पाणी नाही, बोअरचं घेतलं. दुपारी मुख्याध्यापक येऊन गेले, चहा घेतला नाही. इरम्मा ताकाला आली. तांब्या रिकामाच घेऊन गेली. जाताना विचारलं, नीलम्मा कोण.

अणदूरच्या प्रेमाबाईंनी एवढं लिहिलं, टोपण लावलं आणि वही मिटली. त्या दिवशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आगीचा उल्लेख वहीत नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ऑगस्टांनी अकराव्या वर्षी त्यांच्या हातात पहिली वही दिली, तेव्हा नियमही दिले होते: तारीख, वार, हवा, कोण आलं, काय घडलं, रडगाणं नाही. आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची नाही, शाई फुकट जाते. सिस्टर जाऊन तीस वर्षं झाली, नवरा नागप्पा जाऊन सहा. नियम जागेवर होते.

मुख्याध्यापकांनी चहा का घेतला नाही, ते ऐकण्यासारखं आहे. नागप्पांच्या नावानं प्रेमाबाई गावच्या शाळेला दर सव्वीस जानेवारीला एक ढाल देत. तिच्यावर कोरलेलं असे: 'कै. नागप्पा स्मृती सद्वर्तन पुरस्कार'. यंदा मुख्याध्यापक खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"बाई, यंदा ढाल तुमच्या नावानं दिली तर?"

"मी मेले नाही अजून."

"तसं न्हवं ओ. ते, सद्वर्तन हा शब्द... पालक बोलायलेत. कादंबरी समद्यांनी वाचली."

समद्यांनी काही वाचली नव्हती. गावात त्या कादंबरीच्या दोन प्रती होत्या, आणि एक मुख्याध्यापकांकडंच होती. पण कादंबरीत काय आहे हे कळायला ती वाचावी लागते, असं अणदूरमध्ये कोणी मानत नाही.

कादंबरीचं नाव 'गोठलेली'. लेखक प्रा. बिभीषण, तेरणा नदीकाठच्या तेरचे, म्हणून टोपणनाव 'तेरणापुत्र'. तीन वर्षांपूर्वी हे तेरणापुत्र प्रेमाबाईंच्या ओसरीवर बसून तीनदा पोहे खाऊन गेले. ग्रामीण स्त्रियांच्या रोजनिशींवर काम करतोय म्हणाले आणि १९८१ ते १९८५ च्या पाच वह्या पिशवीत घालून घेऊन गेले. "आठ दिवसांत आणून देतो, माउली." माउलीनं त्या दिवशीच्या वहीत 'आठ दिवस' असं लिहून खाली रेघ ओढली.

वह्या आल्या नाहीत, कादंबरी आली. नातसून करिश्मानं ती वाचून दाखवली. पहिल्या प्रकरणात प्रेमाबाईंना वाटलं, बरं लिहिलंय की. तिसऱ्यात त्यांनी चष्मा पुसला. पाचव्यात करिश्माच वाचता वाचता थांबली आणि खाली बघत म्हणाली, "आजी, आजोबांचं असं काही होतं का?"

कादंबरीत सीमेवरच्या एका गावी नागेश नावाचा शेतकरी होता. त्यानं कर्नाटकातून नीलम्मा नावाची एक बाई आणून ठेवली होती. बायको सोशीक. रोज वहीत लिहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. आणि तिच्या वहीतल्या ओळी तेरणापुत्रांनी जशाच्या तशा तिरप्या अक्षरांत छापल्या होत्या:

'हे आजही नीलम्माकडंच झोपले.'

'नीलम्माला आळंदहून घुंगरू आणले. मला विचारलं नाही.'

'नीलम्मा रुसली. ह्यांनी हातानं भरवलं तेव्हा खाल्लं.'

'नीलम्माचे दिवस भरत आले. हे लग्नाला आले नाहीत, मी एकटी गेले.'

ओळी खऱ्या होत्या. अक्षर न् अक्षर प्रेमाबाईंचं होतं. फक्त नीलम्मा म्हैस होती.

सीमेपलीकडच्या आळंदच्या बाजारातून आणलेली, कपाळावर चांद असलेली. विकणाऱ्या बाईनं कन्नडमध्ये रडत नाव सांगितलं, नागप्पांनी तेच ठेवलं. प्रेमाबाईंनी ते रीतसर लिहूनही ठेवलं होतं: '१४ डिसेंबर १९८०. म्हैस आणली. नाव नीलम्मा.' एकदा लिहिलं, संपलं. पुन्हा कशाला लिहायचं? सिस्टर ऑगस्टांना काय ठाऊक की चाळीसेक वर्षांनी एक प्राध्यापक १९८० ची वही घरीच सोडून १९८१ पासून पुढच्या नेईल.

आता हे मुख्याध्यापकांना सांगायचं कसं? सांगून पाहिलं. "म्हैस होती ओ ती." मुख्याध्यापकांनी मान हलवली. नवऱ्याचं झाकणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. इरम्मालाही सांगितलं. इरम्मा म्हणाली, "व्हय, आमचे मालकबी पत्ते खेळाय जायचे तवा देवळात जातो म्हणायचे."

असं चार-पाच दिवस चाललं. आणि मग निमंत्रण आलं, साक्षात तेरणापुत्रांकडून. रविवारी धाराशिवला एका मंगल कार्यालयात परिसंवाद: 'लेखन: प्रतिभा, कारागिरी आणि बाजार'. त्यात 'गोठलेली' कादंबरीच्या जन्मदात्रीचा सत्कार. प्रेमाबाईंनी १९८० ची वही पिशवीत घातली आणि शेजारच्या गुंडप्पांना निरोप धाडला. गुंडप्पा म्हणजे नागप्पांचे जिवाभावाचे दोस्त, वय ऐंशी, कान एक, दात तीन.

"वैनी, म्या तिथं काय करू? मला लिवता येत न्हाय."

"तिथं जमलेल्यांचंही तेच आहे. चला."

करिश्मासकट तिघं एस. टी. नं धाराशिवला पोचली. मंगल कार्यालयात मागच्या महिन्यातल्या लग्नाची सुकलेली फुलं होती, आणि व्यासपीठावर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या तशाच होत्या. एकीत तेरणापुत्र बसले होते, दुसरीत प्रकाशक. मधे साध्या खुर्चीत सूत्रसंचालक वर्षाराणी, धाराशिवच्या कवयित्री. हातात कादंबरी, कादंबरीत सतरा खुणेच्या चिठ्ठ्या. बाजूला एका टेबलावर काचेखाली प्रेमाबाईंच्या पाच वह्या. पाटी: 'निर्मितीमागील दस्तऐवज. हात लावू नये.' १९८२ च्या वहीवर चहाच्या कपाचं गोल उमटलेलं होतं. प्रेमाबाईंनी ते लांबूनच ओळखलं. त्यांच्या घरी वहीवर कप ठेवायची कोणाची छाती नव्हती.

परिसंवाद सुरू झाला. तेरणापुत्र डोळे मिटून म्हणाले, "मी लिहीत नाही. माझ्याकडून लिहिलं जातं. कुणीतरी दुसरंच लिहीत असतं."

पहिल्या रांगेत प्रेमाबाईंनी मान डोलावली. एवढं तरी माणूस खरं बोलला.

"आणि कारागिरी?" वर्षाराणींनी विचारलं.

"कारागिरी म्हणजे गाळणं. नीलम्माच्या वाट्याला मी पूर्ण कादंबरीत एकही वाक्य दिलं नाही. ती फक्त बघते. हे मौन साधायला मला दोन वर्षं लागली."

प्रकाशकांनी बाजाराची बाजू मांडली. आजकाल पुस्तक विकत नाही, पुस्तकामागची गोष्ट विकते, आणि गोष्ट खऱ्या घरातली असली की तिसरी आवृत्तीही निघते, असं ते म्हणाले. मग प्रेमाबाईंकडं हात करून म्हणाले, "ते घर आज आपल्यात बसलंय." टाळ्या पडल्या. पाठीमागं कोणीतरी उठून त्या घराचा फोटो काढला.

सत्कार झाला. शाल, नारळ, आणि त्याच कादंबरीची एक प्रत. वर्षाराणींनी माईक पुढं केला. "आजी, दोनच शब्द."

प्रेमाबाईंनी पिशवीतून १९८० ची वही काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात वाचलं. "चौदा डिसेंबर एकोणीसशे ऐंशी. म्हैस आणली. नाव नीलम्मा." वही मिटली. "माझे यजमान सरळ माणूस होते. नीलम्मा म्हैस होती."

तेरणापुत्रांचा चेहरा क्षणभर लग्नात चप्पल हरवलेल्या माणसासारखा झाला. पण वर्षाराणींच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"म्हैस आणली!" त्या हळूच म्हणाल्या. "दोन शब्द! सवतीला ही बाई म्हैस म्हणते, आणि तेही वहीत, गुपचूप. आयुष्यभराचा संताप दोन शब्दांत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेरणापुत्रांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "माउलींकडं प्रतिमांची खाण आहे."

"प्रतिमा नाही. म्हैस," प्रेमाबाई म्हणाल्या. पण माईक तोवर पुढं सरकला होता. त्या शालीसकट खाली बसल्या. ढाल गेली, असं त्यांच्या मनात आलं. आता नागप्पांची ठेवलेली बाई जिल्ह्याच्या ठिकाणी टाळ्यांनिशी मंजूर झाली होती.

समारोपाला वर्षाराणींनी आपला आवडता उतारा काढला. पान एकशे त्रेचाळीस. आवाज कापरा करून त्या वाचू लागल्या:

"'सवतीला मुलगी झाली होती. मालकिणीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी आळीत घरोघर खरवस वाटला. त्या एकेका वडीत तिचा एकेक हुंदका जिरला होता.'"

"काय वाटलं म्हणाली ती?" गुंडप्पांनी चांगला कान पुढं करून करिश्माला विचारलं.

"खरवस, आजोबा."

गुंडप्पा उठले. धोतराचा सोगा सावरला. माईकची त्यांना गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलून काढलं होतं.

"ओ मास्तर! म्या अडाणी माणूस. एकच इचारतो. बाईमाणूस बाळंत झाली, तर खरवस कुठनं आला?"

तेरणापुत्रांनी तोंड उघडलं. त्यातून काही लिहिलं गेलं नाही.

"न्हाय, चीक काढला कुणाचा, ते सांगा की."

मागच्या रांगेत एक हसणं फुटलं. मग तिच्या पुढच्या रांगेत. सभागृहात निम्मी माणसं गोठ्यातून उठून आलेली, बाकीच्या निम्म्यांनी खरवस लहानपणी कोणाच्या तरी दारातून खाल्लेला. व्यायलेल्या जनावराच्या चिकाचा खरवस होतो, हे त्या सभागृहात प्रतिभावंतांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तसं पाहिलं तर तेरणापुत्रांच्या तेरच्या घरी आजही दोन म्हशी बांधलेल्या आहेत. पण कादंबरी लिहायला बसताना माणूस गोठ्याकडं पाठ करून बसतो, त्याला कोण काय करणार.

"खरवस हे इथं एक प्रतीक आहे," तेरणापुत्र कसेबसे म्हणाले.

"परतीक न्हवं, खरवसच! म्या दोन वाट्या खाल्ला. वैनींनी वेलदोडे घातलते. आणि नीलम्माचं म्हणाल तर तिला इताना म्या आन नागप्पानं मिळून रेडी वढून काढली. आडवी आलती. ह्यो बघा, हिथं लाथ मारलीया." गुंडप्पांनी भर सभेत गुडघ्यापर्यंत धोतर वर केलं.

यानंतरचं कोणाला ऐकू आलं नाही. वर्षाराणींनी पुस्तकाआड तोंड लपवलं. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते पुस्तक हलत होतं त्यावरून कळत होतं. करिश्मा मोबाइल धरून उभी होती, आणि तिच्याआधी चाळीस जण.

प्रेमाबाई शांतपणे टेबलाकडं गेल्या. काच बाजूला केली आणि पाच वह्या एकेक करून पिशवीत घातल्या.

तेरणापुत्र जवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "माउली, अहो, आधी बोलायचं नाही का?"

"तीन वेळा पोहे खाल्लेत. एकदा तरी विचारायचं, नीलम्मा कोण. इरम्मानंसुद्धा विचारलं, आणि ती सहावी नापास आहे."

"माझं नाव गेलं हो."

"माझ्या यजमानांचं गेलं होतं. तुमचं टोपणनावच आहे. दुसरं घ्या."

प्रकाशक मात्र मुळीच खचले नव्हते. ते तेरणापुत्रांना खांद्याला धरून कोपऱ्यात नेत होते. "सर, घाबरू नका. दुसऱ्या आवृत्तीत म्हैसच ठेवू. नाव 'गोठ्यातली'. मुखपृष्ठावर थोडंच बदलायचंय. आणि तिला एकही वाक्य दिलेलं नाही, ते तर फार बरं झालं."

परतीच्या एस. टी. त तुळजापूर गेलं तरी करिश्मा मोबाइलमध्ये पुन्हा पुन्हा तेच बघत हसत होती. मग फोन वाजला. मुख्याध्यापक होते. त्यांच्यापर्यंत गुंडप्पांचा गुडघा पोचला होता.

"बाई, ढालीवर नाव तेच ठेवतो. मला तर पहिल्यापासनं वाटत होतं."

"काय वाटत होतं?"

"म्हैसच असंल असं."

प्रेमाबाईंनी फोन करिश्माकडं दिला. खिडकीबाहेर ज्वारी उभी होती. मांडीवर पाच वह्या. त्यांनी १९८१ ची काढली, चष्मा लावला आणि घुंगरांचं पान शोधलं. 'मला विचारलं नाही.' अक्षर नेहमीचंच, पण शेवटच्या टिंबापाशी निबानं कागद फाडला होता. तेरणापुत्रांना ते दिसलं असणार. म्हैस दिसली नाही त्या गाढवाला, पण हे दिसलं.

"गुंडप्पा," त्या म्हणाल्या, "आळंदला घुंगरू घेतले, तेव्हा तुम्ही बरोबर होतात ना?"

"व्हय की."

"त्या दिवशी ह्यांनी आणखी काही घेतलं होतं का?"

गुंडप्पांनी बराच वेळ आठवून पाहिलं. खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता.

"भजी खाल्ली, वैनी. दोगांनी मिळून."

प्रेमाबाईंनी मान हलवली आणि वही मिटली. घरी पोचल्यावर १९८० पासूनच्या वह्या कपाटात ओळीनं लावल्या. १९८२ च्या वहीवरचं चहाचं गोल ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, निघालं नाही. मग दिवेलागणीला नवी वही उघडली.

रविवार, १२ जानेवारी २०२५. हवा कोरडी. धाराशिवला जाऊन आले. पाच वह्या परत. ढाल तीच. उद्या भोगी; बाजरी निवडली, तीळ भाजले. इरम्मा ताक घेऊन गेली. तिनं तांब्या आणला नव्हता, आपला दिला; परत यायचा आहे.