चहासोबत घेतलेल्या गोळ्या

सुनंदाताईंचं नाव आधी लिहितो. दिग्रसच्या दवाखान्यात त्या टीबीच्या गोळ्या देतात. त्यांच्यामुळे मी आज हे लिहितो आहे.

डॉक्टर म्हणाले, "थुंकीत टीबीचे जंतू निघाले. लहान लेकरापासून लांब राहा." लांब तर होतोच. मी इथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घर गडचिरोलीकडे. तिथे बायको आणि आठ महिन्यांची पोरगी. थुंकी साफ झाल्याशिवाय तिला उचलायचं नाही, असं ठरवलं.

रोज तीन गोळ्या एकदम घ्यायच्या होत्या. पण मळमळून काम होईना. जिनिंगमध्ये चहा तीनदा येतो. मी प्रत्येक चहासोबत एक गोळी घेऊ लागलो. शिक्षण सातवी. वाटलं, तिन्ही पोटात जातात ना, मग झालं.

दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू होतेच. बाकावर बसून पोरीचा फोटो पाहवेना.

ताईंनी विचारलं, "घेतो कशा, ते सांग." सांगितलं तर कपाळावर हात मारला. "अरे बावा, गोळी काय बिस्किट हाय, चहासंग घ्याले?"

माझ्या बाहीला कापूस चिकटला होता. त्यातली सरकी त्यांनी बोटाने दाबून दाखवली. "जंतू असा बसते. पेशीच्या आत, अन् तिथंही एका पिशवीत. दवाई रक्तातून पेशीत अन् पेशीतून त्या पिशवीत गेली पाह्यजे. एकेक घेतली तं रक्तातच पातळ पडते. आत काय पोचन?"

त्या पिशवीला डॉक्टर फॅगोसोम म्हणाले. पेशी जंतूला गिळते, तेव्हा त्याच्याभोवती ती तयार होते. प्रत्येक औषध तिथे सारखं शिरत नाही, म्हणून चार औषधं मिळून एक गोळी.

औषध कमी पडलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून आता औषधाला न जुमानणारा टीबी झाला का, ही तपासणी. ते दिवस मी जेवलो काय, आठवत नाही. रिपोर्ट चांगला आला. मग रोज सकाळी ताईंचा व्हिडिओ कॉल. "गिळ. तोंड उघड. जीभ दाखव."

पुढच्या महिन्यात थुंकी साफ.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला या गोळ्यांनी मळमळलं, तर दवाखान्यात सांगा. माझ्यासारखं डोकं लावू नका.

सोमवारी घरी जातो, गोळ्या सोबत घेऊन. ताई, पोरगी आता धरून धरून चालते म्हणे. माझा कोर्स पुरा झाला की तिला इथे आणीन. तुमच्या टेबलापर्यंत ती आपल्या पायांनी येईल आणि मोहफुलांचा लाडू तुमच्या हातावर ठेवील. एवढं फेडल्याशिवाय राहणार नाही.