बिनबांगड्यांची टाळी

माणसावर चटकन विश्वास टाकणं माझ्या रक्तात नाही. कापूस मोजताना व्यापाऱ्याचा हात काट्याजवळ गेला की माझी नजर त्या हातावर. म्हणून मारेगावच्या बाजारातून येऊन आमचे हे म्हणाले, "मुंबईले नेऊन तुह्या गाण्याची रेकॉर्ड काढतो म्हणते एक माणूस," तेव्हा मी चुलीपुढून उठलेसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "त्याले माहं गाणं सापडलं कुठं?"

सापडलं होतं ते ह्यांच्याच भोंग्यातून. आमची शेती होती, पण ह्यांचा जीव लाउडस्पीकरात. बॅटरीवर चालणारं मशीन, चावी द्यायचा फोनो, रेकॉर्डींची पेटी, कर्णा, असं सगळं बैलगाडीत घालून हे लग्नांना जायचे. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, पण आमच्याकडच्या लग्नांत वाजायचा तो हिंदी सिनेमाच. हळदीची गाणी तेवढी बाया तोंडानं म्हणत. एका लग्नात ह्यांना खोडी सुचली. मी गात होते, तर माइक आणून माझ्या तोंडापुढं धरला. भोंगेवाल्यांना रेकॉर्डी विकणारा कंपनीचा एजंट नेमका त्या लग्नात जेवायला बसला होता. त्यानं हातातला घास तसाच ठेवला म्हणे.

तो घरी आला. म्हणाला, "बाई, ज्या घरी गाणारी नाही, त्या घरी तुमची रेकॉर्ड वाजेल."

"म्हंजे हळद लावायची बायांनी अन् गायचं डब्ब्यानं?"

हे हसले. एजंटही हसला, आणि तो हसला म्हणून मला जास्तच शंका आली.

खरं सांगायचं तर गाणी माझी नव्हतीच. ती माझ्या सासूची होती. तिच्या माहेरी तिच्या गळ्याचं मोठं नाव होतं. पण धाकटी लेक, म्हणजे माझी नणंद, पाळण्यात असताना सासरे गेले. सासूच्या बांगड्या फुटल्या आणि गाणं मांडवाबाहेर गेलं. आमच्याकडे विधवा बाईनं हळदीला हात लावायचा नाही, आणि हळदीचं गाणं तर मुळीच म्हणायचं नाही. ती गायची ती वेचणीच्या वेळी, पऱ्हाटीत वाकून. शेतात कोण अडवणार? तिच्या बाजूच्या ओळीत कापूस वेचता वेचता मी सगळी गाणी उचलली. त्यामुळं मला पक्कं वाटत होतं की ही बाई मोडता घालणार. स्वतःचं धन दुसरीच्या नावावर जाताना कोण गप्प बसेल?

हे तिला सांगायला गेले तेव्हा ती सरकी काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे तिले. पण नावं गाळजो नोको म्हणा."

नावं म्हणजे काय, तर आमच्या हळदीच्या गाण्यात नवरीच्या वाटीत कोणाकोणाचं बोट बुडालं ते सांगतात. बापाचं, मायचं, काकाचं, मामाचं, एकेकाचं नाव घेऊन. जेवढं गोत मोठं तेवढं गाणं लांब. एखाद्या मामाचं नाव राहिलं तर तो जेवल्याशिवाय उठून जातो, इतकं ते मानाचं.

वणीहून बस, वर्ध्याहून रेल्वे. अख्ख्या प्रवासात मी पत्र्याच्या पेटीवर बसून त्या एजंटावर पाळत ठेवली. तो पाणी प्यायला उतरला तरी मी ह्यांना ढोसायची, "पाहा, पयून जाते का तो." तो बिचारा दर वेळी पाणी पिऊन परत यायचा.

मुंबईचं मला काही विचारू नका. मी एक खोली पाहिली. खिडकी नाही, भिंतींना गोधड्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, आणि एका बाजूला काच. काचेमागं दोन माणसं आमच्याकडं टक लावून. दार लावलं की बाहेरचा सगळा आवाज बंद. ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मला ते अजिबात पटलं नाही. म्हटलं, आतलं काही बाहेर ऐकू जाऊ नये अशी खोली माणूस कशाला बांधतो?

त्यांचा संगीत मास्तर होता एक, चष्मेवाला. गाणं ऐकून त्यानं घड्याळ पाहिलं नि कपाळाला हात लावला. रेकॉर्डीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावतात म्हणे. आमच्याकडे तीन मिनिटांत हळदीची वाटी सापडत नाही! त्यानं सगळी नावं काढून टाकली, आणि नावांच्या जागी क्लॅरोनेटचा एकेक तुकडा बसवला. मी म्हटलं, "मामाच्या जागी पिपाणी?" तो म्हणाला, "बाई, कोणाच्या मामाचं नाव घालू? ही रेकॉर्ड सगळ्या गावांत वाजायची आहे." मी भांडले नाही, फुगून बसले.

मग खरी अडचण आली. मी गायला लागले की काचेमागचा माणूस हात हलवून थांबवायचा. पुन्हा सुरू, पुन्हा थांब. शेवटी तो बाहेर आला. "बाईंच्या बांगड्या वाजतात," म्हणाला.

वाजणारच की! हळदीचं गाणं टाळीवर म्हणतात, आणि सवाशिणीची टाळी म्हटली की बांगडी किणकिणणारच. त्यांनी मनगटांना रुमाल बांधून पाहिले. रुमालातूनही किणकिण. एकेक तरी ठेवते म्हटलं, तर दोन हात जवळ आले की त्या दोघी एकमेकींवर आपटत. "मग टाळी नको," मास्तर म्हणाला. टाळीवाचून माझा सूर पायाखालची जमीन गेल्यासारखा हलायला लागला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा चुकलं. मास्तर त्या एजंटाकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोलला. मला इंग्रजी येत नाही, पण अपमान कळतो.

बांगडी सोडायची की टाळी, एवढंच माझ्यापुढं उरलं. नवरा जिवंत असताना मोकळे हात! आणि तो नवरा भिंतीपलीकडं बाकावर बसलेला. मी साबण मागितला. त्या खोलीला आतूनच लागून असलेल्या मोरीत उभी राहून एकेक बांगडी उतरवली. काही वाढल्याच; फुटल्या असं सवाशिणीनं म्हणायचं नसतं. रडू आलं, भीतीही वाटली, पण हात थांबले नाहीत. मग उघड्या हातांनी टाळी वाजवत दोन्ही बाजूंची दोन्ही गाणी म्हटली. काचेमागचा माणूस पहिल्यांदा हसला.

उरलेल्या बांगड्या पुन्हा चढवून बाहेर आले. हे म्हणाले, "कमी झाल्या का वो?" मी म्हटलं, "रेल्वेच्या गर्दीत वाढल्या." येताना ह्यांना शिंक आली तरी माझा जीव खालीवर. गावी पोचल्याबरोबर कासारणीला बोलावून कोपरापर्यंत हात भरून घेतले.

मग महिने गेले. रेकॉर्डीचा पत्ता नाही. "फसवलं," मी म्हणायची. म्हैस पाण्यात अन् आमचं मोल चाललेलं. पण दसऱ्याच्या सुमारास हे वणीहून आले ते गवतात गुंडाळलेलं खोकं छातीशी धरूनच. अंगणात फोनो मांडला, चावी दिली. अख्खी आळी जमली. माझाच आवाज माझ्या समोरून यायला लागला आणि बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "आता हिचा भाव वाढला बाप्पा!" मला काय वाटलं सांगू? मला फार फार आनंद झाला.

सासू भिंतीला टेकून बसली होती. संपल्यावर म्हणाली, "अजून एक डाव लाव रे." पुन्हा ऐकलं. मग उठून आत गेली. तिचं ते तसं उठून जाणं मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी वेचणीला गेलो. तिची ओळ माझ्या शेजारी.

"आवाजही तुहाच आहे, टाळीही तुहीच आहे," ती म्हणाली. "पण बांगडी कुठं गेली वो?"

बोंड माझ्या हातातच राहिलं. "रुमाल बांधला होता, आत्याबाई."

"रुमालातूनही वाजते. मले नोको शिकवू." ती वेचतच होती. "बिनबांगड्यांची टाळी मले ओळखू येते. मी रोजच ऐकतो."

एवढं बोलून ती पुढं सरकली. रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन बोलले असते. पण ती नुसती वेचत पुढं गेली, आणि माझं सुख तिथं संपलं. तिनं नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. मोकळ्या हातानं म्हटलेलं गाणं म्हटल्यावर कोण आपल्या लेकीच्या हळदीला ती रेकॉर्ड लावू देणार? ह्यांचा भोंगा घरी बसला असता, आणि मी गावाच्या तोंडी नवऱ्याचं वाईट चिंतणारी ठरले असते. सासू शेजारणीशी बोलताना दिसली की मी झाडू घेऊन तिथंच अंगण झाडायला लागायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यातच कार्तिकात ह्यांना हिवताप भरला. असा भरला की खाट हलायची. मी पायथ्याशी, सासू उशाशी काढा घेऊन. ती ह्यांच्याकडं पाहायची आणि मग माझ्या मनगटांकडं. भरल्या बांगड्या मी पदराखाली लपवायची. त्या रात्री मी देवाला म्हटलं, माझा आवाज ने, पण ह्यांना ठेव. ताप उतरला. हे उठून बसले, भाकर मागितली. सासू बाहेर आली आणि मला म्हणाली, "हा उठला नसता, तं मी तुले एक इचारलं असतं."

"काय?"

"ते तवा इचारलं असतं," ती म्हणाली आणि गोठ्याकडं गेली.

फाल्गुनात नणंदेचं लग्न निघालं. ह्यांच्या बहिणीची हळद आणि घरचाच भोंगा, म्हणजे रेकॉर्ड लागणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, आपण तोंडानंच म्हणू. हे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मला वेडच लागलंय. हळदीची सूत्रं होती चुलत सासूच्या हातात. रीतीभातीची इतकी कडक बाई की सवाशिणीच्या कपाळावरचं कुंकू बोटभर सरकलं तरी सगळ्यांसमोर सुनावणार. सकाळी पाहते तर माझी सासू तिच्याच कानाशी लागलेली. झालं! चुलत सासू तरातरा माझ्याकडं आली. मी मनात म्हटलं, आता सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या एकदाचं.

"हळदीची वाटी कुठं ठेवली वो?" तिनं विचारलं.

पाटावर नणंद बसली. कर्ण्यातून माझा आवाज सुरू झाला. सासू कुठंच दिसेना. स्वतःच्या लेकीची हळद, पण रीतीप्रमाणं ती आत, कापसाच्या खोलीत. मला तेल आणायला त्याच खोलीत पाठवलं. तिच्याशी एकटं गाठ पडायची मला धास्तीच होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत ती कापसाच्या ढिगाला टेकून, दाराकडं पाठ करून बसली होती आणि गात होती. बाहेरच्या रेकॉर्डीबरोबर, मोकळ्या गळ्यानं. अंगणात ऐकला तो माझा गळा, हा तर त्याच्या कितीतरी वरचा. उघड्या हातांची तिची टाळी रेकॉर्डीतल्या माझ्या टाळीवर तंतोतंत पडत होती. दोघींचा एकच आवाज. आणि जिथं मास्तरनं क्लॅरोनेट घातलं होतं, तिथं ती नावं घालत होती. मामाचं, काकाचं, एकेक गाळलेलं नाव. मग बापाची जागा आली, आणि तिनं माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. बाई नवऱ्याचं नाव असं घेत नाही. मी त्या घरात आल्यापासून तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं.

मी तेलाचं भांडं घेऊन तिथंच उभी. रडत होते ते मलाच कळलं नाही. तिनं मान वळवली. टाळी थांबवली नाही.

"पाहून काय राह्यली?" ती म्हणाली. "कोणी इचारलं तं सांगजो, भोंगा गाऊन राह्यला."

मी बाहेर आले. हे रेकॉर्ड बदलायला निघाले होते. मी हात धरला.

"तीच लावा."

"अवो, लोकं कंटाळतीन."

"तीच लावा म्हणतो ना! अन् आवाज वाढवा."

त्यांनी चावी दिली. गाणं पुन्हा सुरू झालं. चुलत सासूनं हळदीचा हात मध्येच थांबवला, कान टवकारले आणि माझ्याकडं पाहिलं. "काय वो, आतून कोणी गाऊन राह्यलं का?"

"भोंगा गाऊन राह्यला, दुसरं कोण?" मी म्हटलं, आणि आतली टाळी कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या वाजवत जोरात टाळी धरली.