करडाचा आवाज
मटणाच्या रश्श्याला उकळी फुटल्याचा वास आला की मला कळस गावातली एक दुपार आठवते. नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉलेजला होतो आणि फारसे कुणी न पाहिलेले पिक्चर लोकांच्या गळ्यात मारायचा मला भारी नाद होता. कळसला मित्राच्या घरी देवाचं बोकड कापायचं होतं, पाहुण्यांच्या पोरांसाठी भाड्यानं व्हीसीआर आणला होता. पोरांना मारामारीचा पिक्चर हवा होता. मी हट्टानं एक इंग्रजी कार्टून लावलं, कळपातून चुकलेल्या करडाचं. भाषा कुणाला कळेना, तेव्हा मीच करडाचा आवाज काढून मराठीत बोलायला लागलो. "आये, मला त्येंच्या हाती देऊ नगंस," असं मी म्हणालो आणि पोरं मुसमुसायला लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. जेवायच्या वेळी एकही पोर मटणाला शिवेना. मित्राचे वडील देवासमोर हात जोडून म्हणाले, "लेकरं हायती, चुकलंमाकलं पोटात घाल." मित्राच्या धाकट्या बहिणीनं मला हळूच विचारलं, "तुमी बी न्हाय ना खाणार?" मी म्हणालो, "न्हाय गं." ती आत गेली आणि मी मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं भाकरीची टोपली घेऊन तीच वाढायला आली. माझ्या हातात मटणाची नळी होती. तिकडं बघत ती म्हणाली, "आता बोला की त्याच्यावानी." पिक्चर मी आजही लोकांना सुचवतो, पण आवाज काढून दाखवत नाही.