मनूची घागर

आधीच सांगून टाकतो — तुमच्या या फोरमवर मी इतके दिवस फक्त टिंगल करायला येत होतो. पिंपळावरची बाई, रस्त्यात आडवा येणारा म्हातारा... वाचायचो, हसायचो आणि झोपायचो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, तेही धड सांगता येत नाही. पण बायकोच म्हणाली, एकदा लिहून टाका, म्हणून लिहितोय.

मी ठिबकवाला माणूस. राहायला धुळ्यात, देवपूरला. नोकरी जळगावकडच्या एका कंपनीत. शेतात नळ्या अंथरायच्या, फिल्टर बसवायचा आणि शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचतंय की नाही ते बघायचं, एवढंच मला येतं.

आमची मनू आठ वर्षांची असताना गेली. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तोंडाने पाणी द्यायचं नव्हतं. ती सारखी पाणी मागायची आणि सुनंदा, माझी बायको, ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत राहायची. त्यातच ती गेली. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात. तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर — म्हणजे खरबूज — आणि आंबे. पितरांची तहान — आमच्या बोलीत तीस — भागते म्हणतात. आणि त्याच दिवसात सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. एकाच घरात हे दोन्ही चालू असतं.

मनू गेल्यानंतरच्या आखाजीला आम्ही दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी, थोरल्या भावाकडे गेलो होतो. नाना माझ्या बायकोशी थेट बोलत नाही, जेठ, म्हणजे थोरला दीर ना तो. तो मला म्हणाला, "तिले सांग, पोरनी घागर भरनी पडी. तीस लागी तिले."

सुनंदाने पदर सावरला आणि तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "आखाजीले पोरी माहेरले येतस. मनी पोर का पितर व्हईसन येई? मी नही भराव."

पुढे दर वर्षी हेच. आई-वडिलांच्या घागरी भरल्या जायच्या, मनूची नाही. मी कधी मध्ये पडलो नाही. मला घागर भरण्यातही अर्थ दिसत नव्हता आणि न भरण्यातही.

मग कंपनीने मला इंडोनेशियाला पाठवलं. जावा बेटावर दिएंग नावाचं उंच पठार आहे, ज्वालामुखीचं. तिथल्या एका छोट्या गावात बटाट्याच्या शेतांवर ठिबक बसवायचं होतं. डोंगर पार माथ्यापर्यंत बटाट्याने भरलेला, बांधापलीकडे जमिनीतून भसाभस वाफ निघतेय, सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास... आणि शेतकरी त्या वाफेशेजारी बसून निवांत डबा खातोय. आपल्या काळ्या मातीचा जन्मही असाच ज्वालामुखीतून झाला म्हणतात. तिथली माती हातात घेतली की मला घरची फार आठवण यायची.

मी राहायला सिती नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीकडे होतो. तिकडे वडीलधाऱ्या बाईला बू म्हणतात, म्हणून बू सिती. तिच्याजवळ तिची नात असायची, नूर, सहा वर्षांची. नूरच्या डोक्यावर जटा होत्या. त्या भागात काही पोरांना ताप येऊन गेला की आपोआप जटा येतात. त्या कापायच्या, तर पोराने आधी काहीतरी मागायचं आणि ते जे मागेल ते द्यायचंच. न देता कापल्या तर जटा परत येतात, पोर आजारी पडतं. कुणी बकरी मागतं, कुणी सायकल. माझा दुभाषा यांतो हे सांगत होता तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, आमच्याकडे पोरं जटा नसतानाही सायकल मागतात.

नूर अधूनमधून तापायची. बू रोज विचारायची, काय हवं बाळा? पोर नुसती मान हलवायची. एका सकाळी मी ओट्यावर बसून नळ्यांचे तुंबलेले ड्रिपर साफ करत होतो. नूर तापातच उठून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि आजीला काहीतरी म्हणाली. बूचा चेहराच बदलला.

यांतो म्हणाला, "मागितलं तिने. पण तुमच्याकडे मागितलंय."

"काय?"

"मातीचं मडकं, पाण्याने काठोकाठ भरलेलं. त्यावर एक लहान मडकं. त्यावर दोन आंबे. तुम्हीच भरायचं म्हणते."

मी आधी यांतोवरच चिडलो. माझ्या मोबाईलमध्ये आखाजीचे फोटो होते, ते या लोकांनी पाहिले असणार. तसं बोललोही त्याला. तो बिचारा शपथा घेत होता, तेवढ्यात नूर पुन्हा बोलली.

"म्हणते, एक आंबा चावलेला हवा. चावलेली बाजू खाली करून ठेवायचा, म्हणजे कुणाला दिसत नाही."

आता हे ऐका. मनूने तिच्या शेवटच्या आखाजीला आजोबांच्या घागरीवरचा आंबा गुपचूप चावला होता, आणि चावलेली बाजू खाली करून परत ठेवून दिला होता. पितरांचा आंबा उष्टा झालेला नानाला कळता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. मी आणि सुनंदाने पाहिलं, एकमेकांकडे बघून हसलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या आंब्याचा फोटो नाही. जावाचं सोडा, आमच्या घरातही तिसऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं.

समोर तापाने फणफणलेली पोर आणि माझ्याकडे नुसती बघत उभी असलेली तिची आजी. पण सुनंदाला विचारल्याशिवाय मनूची घागर भरणं मला जमणार नव्हतं. फोन लावला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "कोनी पोर शे ती?"

"इथलीच. आजीजवळ राहते."

"तिनी माय?"

"लांब शहरात कामाला असते."

सुनंदा रडायला लागली. मनू गेल्यापासून ती माझ्यासमोर अशी कधी रडली नव्हती. "भरा," म्हणाली. "काठोकाठ भरा. मनी पोरले मी पानी दिधं नही..."

यांतोने खालच्या गावच्या बाजारातून आंबे आणले. मडकी बूने दिली. मी घागर भरली, पण आंबा चावायची वेळ आली तेव्हा मला तो तोंडाला लाववेना. नूरच पुढे आली. तिने आंबा चावला, बाजू खाली करून ठेवला, आणि वरचं मडकं उतरवून घागरीतलं पाणी ओंजळीने प्यायला लागली. खूप वेळ पीत होती. मी तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

दुपारी प्रार्थना झाली, जटा कापल्या, बूने त्या नदीत सोडल्या. मी तिथून निघेपर्यंत नूरला पुन्हा ताप आला नाही. तू काय मागितलं होतंस, असं यांतोने तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, सायकल.

मी खूप डोकं चालवलं. पाणी कुठून निघून कुठे पोचतं हाच माझा धंदा, पण हे कुठून कुठे पोचलं ते मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर लिहा, मी वाद घालणार नाही.

त्यानंतरच्या आखाजीला सुनंदाने कुंभाराकडून लहान घागर आणली आणि नानाच्या देखत स्वतः भरली. बाहेर माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या. संध्याकाळी घागर उचलताना तिने वरचे दोन्ही आंबे उलटे करून पाहिले. मीही पाहत होतो, खोटं कशाला बोलू. दोन्ही आंबे अख्खे होते.

तिने ते पदराने पुसले, त्यातला एक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "पोट भरनं व्हई तिनं."