निमोण्याच्या रानातला पिवळा लगदा

चार माणसं एका नादाला लागली की किस्से आपोआप जमतात, त्यांना वेगळं आवतण लागत नाही. क्रिकेटवाल्यांचे जमतात, भजनी मंडळाचे जमतात, आमचे बुरशीचे जमले. आता लग्नात म्हणा, एसटी स्टँडवर म्हणा, कुणी ओळखीचं भेटलं की सुरुवात हीच, "काय बुरशीवाले, तो किस्सा सांगा की." कुठला तो, हे मलाच कळत नाही. म्हणून एकदा सगळेच सांगून मोकळा होतो.

आधी माणसं सांगतो. गायकवाड सर निमोण्याकडच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. आमचे पुढारी तेच. सलीमभाईंचा शिरूरला फोटो स्टुडिओ. मी शिरूरच्याच एका बँकेत कॅशियर. आणि आम्हाला रानात शिरू देणारे वनरक्षक थोरात आप्पा. नव्वद सालानंतरची ही गोष्ट, मोबाइल यायच्या आधीची. आमचा वार ठरलेला, रविवार. त्या दिवशी शाळा बंद, बँक बंद. सलीमभाईंचा धंदा खरा रविवारचाच, पण ते म्हणायचे, "लग्नं नसतील तेव्हा नवरा-नवरीपेक्षा तुमची बुरशी बरी. मान वर करा म्हणून सांगावं लागत नाही."

निमोण्यापुढं घोड नदीकडं उतरताना वनखात्याचा एक राखीव तुकडा आहे. बाभळी, लिंब, करंज, आणि ओढ्याकाठी वादळात आडवा झालेला एक म्हातारा आंबा. सरांचा त्या पडलेल्या आंब्यावर भारी जीव. पावसाळ्यात त्या एका खोडावर जेवढे प्रकार निघायचे, तेवढे बाकीच्या अख्ख्या रानात मिळून निघायचे नाहीत. पण वीटभट्टीवाल्यांचाही डोळा त्याच खोडावर. दरवर्षी ऑफिसातून निरोप यायचा, पडलेलं लाकूड लिलावात काढा, रान साफ करा. दरवर्षी आप्पा काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे आणि आम्हाला म्हणायचे, "सर, औंदा सांभाळलं. म्होरल्या साली माझ्या हातात न्हाई."



*

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. रानाच्या कडेला पारूआत्या शेरडं चारायच्या. आम्ही तिघं पालथे पडून पाला चाळतोय हे त्यांनी दोन-तीन रविवार बघितलं. शेवटी राहवेना, जवळ आल्या.

"काय हरवलंय?"

"काही नाही आत्या, अळंब्या बघतोय," सर म्हणाले.

"खायाच्या?"

"नाही. ह्या खायच्या नसतात."

"मंग इकायच्या?"

"नाही. नुसती ओळख करून घ्यायची."

आत्यांनी आमच्याकडं बघितलं, अळंबीकडं बघितलं. "खात न्हाई, इकत न्हाई, वळख करून घ्यायला येतायसा. मंग जाताना येवढ्या लांबनं आलोय म्हनून च्या तरी मागा तिच्याकडं."

आणि शेरडं हाकत निघून गेल्या.

*

सरांचा एक कडक नियम होता. आंब्याच्या खोडाजवळ चपला घालून जायचं नाही. तिथल्या पाल्यात टाचणीच्या डोक्याएवढे जीव असतात, एका पावलाखाली शंभर चिरडतील, असं त्यांचं म्हणणं. बाभळीपाशी आलो की मागं न बघता ते ओरडायचे, "चपला!"

आता बाभळीखाली अनवाणी चालायचं म्हणजे काय असतं ते चालणाऱ्याला विचारा. त्यात कुत्री. माझी एक चप्पल गेली, पुढच्या रविवारी सलीमभाईंच्या नव्या कोऱ्या बुटातला डावा गेला. सलीमभाई एका पायावर उभं राहून म्हणाले, "सर, आमच्या मशिदीत पण चपला बाहेरच काढतो आम्ही. पण तिथं ठेवायला स्टँड असतं!"

पुढच्या खेपेला ते खरंच स्टुडिओतलं जुनं लाकडी स्टँड टेम्पोत घालून घेऊन आले. बाभळीच्या बुंध्याला तारेनं बांधून टाकलं. तीन कप्प्यांचं, कुत्र्याचं तोंड पुरणार नाही इतकं वर. मग दर रविवारी आम्ही शिस्तीत चपला वर ठेवायचो आणि अनवाणी पुढं जायचो. आप्पासुद्धा ठेवायला लागले. त्यांना नियम काही पटलेला नव्हता, पण स्टँड आवडलं होतं.

*

आता मुख्य पात्राकडं येतो. त्या खोडावर पावसाळ्यात एक पिवळाजर्द लगदा यायचा. इंग्रजीत त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. आम्ही लगदाच म्हणायचो. सर सांगायचे की ही बुरशी नव्हेच, झाडही नाही, प्राणीही नाही. हा एक वेगळाच जीव आहे, सरपटतो आणि वाटेत सापडेल ते खातो. मला खोटं वाटायचं. म्हणून सरांनी त्याचा एक तुकडा ढलपीसकट घरी नेला आणि वहिनींच्या स्टीलच्या डब्यात ठेवला.

परदेशात त्याला ओट्स खायला घालतात असं सरांनी वाचलेलं. तेव्हा आमच्या किराणा दुकानांतून ओट्स कुणी पाहिलेही नव्हते. सरांनी बाजरीचं पीठ भुरभुरलं. लगद्याला ते मानवलं असावं. कारण सकाळी डब्यात कुणीच नव्हतं, आणि वहिनी भाकरीला बसल्या तर साहेब झाकणाखालून निघून, ओटा ओलांडून पिठाच्या काठवटीला लागलेले.

वहिनी शांत बाई. त्यांनी काठवट उचलून सरांपुढं ठेवली. "माझ्या माहेरचं कुणी इतक्या आवडीनं भाकरीला आलं न्हाई. ह्याला रानात सोडून या. लागंल तेवढं पीठ मी तिकडं पाठवीन."

आणि त्यांनी शब्द पाळला. दर रविवारी सरांच्या पिशवीत एक कागदाची पुडी असायची, बाजरीच्या पिठाची. सर ती खोडावर भुरभुरायचे आणि वहिनींना घरी जाऊन सांगायचे, खाल्लं म्हणून.

*

सलीमभाईंनी एकदा ह्या लगद्याचे सुंदर फोटो काढले. पण ते रोलचे दिवस. दौंडच्या एका लग्नात रोल अर्धा झालेला, उरलेला अर्धा त्यांनी रानात संपवला. लगीनसराईची घाई, धडाधड फोटो धुतले, अल्बम चिकटवला, पार्टीला देऊन टाकला. आठवड्याभरानं त्यांच्या ध्यानात आलं की लगद्याचा सगळ्यात चांगला फोटो कुठंच सापडत नाही.

मला बरोबर घेऊन दौंडला गेले. नवऱ्याच्या आईनं कौतुकानं अल्बम पुढं ठेवला. हळदीच्या पानावर, नवरीच्या दोन फोटोंच्या मधे आमचा लगदा, चांगला मोठा, तपकिरी लाकडावर पिवळाधमक. सलीमभाईंचा चेहरा पडला.

ती माउली त्याच फोटोवरून हात फिरवत म्हणाली, "सगळ्यात ह्योच झ्याक आलाय बघा. पाटावर हळद कशी सांडलीया, जशीच्या तशी दिसतीय."

सलीमभाईंनी चहा घेतला आणि आम्ही परत आलो. तो फोटो अजून तिथंच असणार.

*

एका वर्षी पाऊस फारच लांबला. गावात टँकर चालू होते. खोड वाळत चाललं म्हणून सरांचा जीव कासावीस. पिण्याचं पाणी रानात ओतायची त्यांची छाती होईना, म्हणून स्वतःची बाटली अर्धीच प्यायचे आणि उरलेली तांब्यात ओतून, गुडघे टेकून, खोडावर हातानं हळूहळू शिंपडायचे. मग भिंग लावून, कपाळ लाकडाला टेकेल इतकं वाकून बघत राहायचे.

आप्पा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. पर ते झाड जाऊन लई वर्सं झाली. आता त्याच्या घरच्यांनी बी नाद सोडला आसंल."

पारूआत्या शेरडं घेऊन पलीकडं उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या.

*

आणि आता शेवटचा.

त्या साली आप्पांच्या हातात खरंच काही राहिलं नाही. लिलाव झाला, खोड वीटभट्टीवाल्याला गेलं, करवतवाले सोमवारी येणार असं ठरलं. सरांनी वनखात्याच्या साहेबांना गाठून विनवलं, एकदा स्वतः येऊन बघा, मग तोडा. साहेब भला माणूस, रविवारी सकाळी येतो म्हणाले. सर आठवडाभर जेवले नाहीत नीट. पाऊस चालू होता पण खोडावर काहीच नव्हतं. "दाखवायला काही नसेल तर ते लाकूडच आहे हो," सर मला म्हणाले.

रविवारी आम्ही पोचलो तर स्टँडवर बायाबापड्यांच्या चपला खचाखच भरलेल्या. कशाबशा आमच्या मावल्या. पुढं गेलो. रातोरात लगदा आला होता, असा की कधी पाहिला नव्हता. खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंधमक. आणि खोडापुढं नारळ, उदबत्त्या, भंडाऱ्याची उधळण आणि निमोण्याच्या पंधरा-वीस बाया हात जोडून बसलेल्या. पुढं पारूआत्या. खंडोबा आलाय म्हणे, रविवार बघून.

आता गायकवाड सर म्हणजे कोण? ह्या माणसानं गावातली दोन भुतं पळवलेली. मंत्रानं पेटणारा नारळ शाळेत पोरांपुढं पेटवून, त्यात काय घातलं होतं ते दाखवणारे हे सर. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

तेवढ्यात साहेब आले. बूट घालून, छत्री धरून, मागं, सकाळीच एकदा खोड बघून गेलेला करवतवाल्यांचा मुकादम. स्टँडपाशीच थांबले. "हे काय आहे, सर?"

सलीमभाईंनी सरांचा शर्ट ओढला. "सर, आजच्या दिवस गप्प बसा. झाड वाचतंय."

सर गप्प बसले. जरा वेळ बसले. मग म्हणाले, "मला नाही जमणार." आणि पुढं झाले.

"साहेब, हा भंडारा नाही. कुणी टाकलेला नाही. हा जिवंत आहे."

बायांनी माना डोलावल्या.

"हा आपण होऊन येतो, आपण होऊन जातो."

दोघीतिघींनी हात जोडले.

"ह्याला डोळे नाहीत, तोंड नाही, तरी ह्याला वाट सापडते. कापून दोन केले तर दोन्ही जगतात. शेजारी ठेवले तर परत एक होतात. झाड नाही, प्राणी नाही, हा वेगळाच आहे."

मागून कुणीतरी येळकोट केला. सर हबकलेच. पारूआत्या साहेबांकडं वळून म्हणाल्या, "बगा. आमी सकाळधरनं ह्येच म्हनतोय, तर ह्यो मुकादम ऐकंना."

"अहो आत्या," सर काकुळतीला आले, "पण ह्याला देव म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

आत्यांना खरंच नवल वाटलं.

"आता गं बया. सर, इतकी वर्सं ऐतवारच्या ऐतवारी येतायसा. चपला ततं वर ठेवून अनवानी जातायसा. दुष्काळात सोताच्या तोंडचं पानी घातलंसा. पीठ वाहता, गुडघं टेकून कपाळ लावता. आन् आमाला इचारता, कुनी सांगितलं?"

साहेब बराच वेळ त्या पिवळ्याकडं बघत राहिले, मग सरांच्या अनवाणी पायांकडं, मग बाभळीवरच्या स्टँडकडं.

"मुकादम, करवतवाल्यांना उद्या येऊ नका म्हणून सांगा," ते म्हणाले. छत्री आप्पांच्या हातात दिली, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

स्टँडवर जागा नव्हती. सर मागं आले आणि त्यांनी आपल्या चपला जरा बाजूला सरकवल्या.